आधी हिशेब मांडा, मग भाव पाडा

तुमच्यापैकी एकालाही मेथीच्या जुडीचा हिशेब मांडता येत नाही. वाईट वाटलं तर वाटू द्या, बोलतोय ते त्यासाठीच. धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरग्याच्या शाळांतून तुम्ही शिकलात, मोठे झालात. कोणी बँकेत लागलं, कोणी कृषी खात्यात, कोणी नगरपालिकेत, कोणी पुण्याला कंपनीत. बरेच जण अजून गावीच आहेत, दोन-तीन एकर रान सांभाळून. शेतकऱ्याचा विषय निघाला की तुम्हा सगळ्यांचा गळा दाटून येतो. आणि बाजारच्या दिवशी माळवं घेऊन बसलेल्या बाईपुढे उभे राहिलात की त्याच गळ्यातून निघतं, "मावशी, दोन रुपये कमी करा, नाहीतर राहू द्या." मी तुम्हाला गणित शिकवलंय. म्हणून आज कळवळ्याचं एक अक्षर बोलणार नाही. खडू घ्या आणि फळ्यापाशी या.

गणित असं. एका बाईने मेथीच्या २०० जुड्या बाजारात आणल्या. बी, नांगरट, शेणखत, पाणी, खुरपण, उपटणी आणि जुड्या बांधायला लावलेल्या बायकांची मजुरी, टमटमचं भाडं, बसायच्या जागेची पावती, असं सगळं धरून जुडीमागे तिला ६ रुपये पडले. म्हणजे १२०० रुपये. सकाळी दहा रुपयांनी १०० जुड्या गेल्या, हजार आले. दुपारी ऊन लागून पाला मान टाकायला लागला, तेव्हा पाच रुपयांनी ६० गेल्या; तीनशे आले. उरलेल्या ४० संध्याकाळी शेळ्यांपुढे पडल्या. आले १३००, गेले १२००. शिल्लक १०० रुपये. आता सकाळच्या गिऱ्हाइकांनी घासाघीस करून दहाची जुडी आठला नेली असं धरा. हजाराचे आठशे झाले. आले ११००, गेले १२००. शंभराचा नफा गेला आणि शंभराचा तोटा आला.

आकडे मी समजा म्हणून घेतलेत. गावागणिक, हंगामागणिक ते बदलतील. रीत बदलणार नाही. तुम्ही जे दोन रुपये वाचवले, त्या दोन-दोन रुपयांतच तिचा सगळा नफा होता. आणि आणखी एक विचारतो. या हिशेबात तिची स्वतःची महिनाभराची मजुरी धरलेली नाही. दिवसभर उन्हात बसल्याची मजुरी धरलेली नाही. रान तिच्या घरचं, म्हणून रानाचा खंड धरलेला नाही. हे किती जणांच्या ध्यानात आलं? किराणा दुकानदाराला स्वतःचा पगार सुटायला हवा, हे तुम्हाला मान्य असतं. तिच्या बाबतीत मात्र पगार धरायचाच नाही, अशी तुम्हा सगळ्यांची समजूत आहे. कारण तुम्ही तिच्या कामाला धंदा मानतच नाही.

"परवडत नाही तर ती आठला देते कशाला?" असं तुमच्यातला एखादा हुशार विचारेल. प्रश्न बरोबर आहे, उत्तर नीट ऐका. सोयाबीन पोत्यात भरून घरात ठेवता येतं. तूर, हरभरा ठेवता येतो. भाव पडला तर ज्याची ऐपत आहे तो दोन महिने थांबतो. मेथी थांबत नाही. कोथिंबीर, पालक, टोमॅटो, पेरू थांबत नाहीत. झाडावरून उतरवलेलं सीताफळ दोन-चार दिवसांत मऊ पडतं आणि मग कोणी हात लावत नाही. ज्याचा माल थांबत नाही त्याला नाही म्हणता येत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचा भाव समोरचा ठरवतो. छोट्या भाजी-फळवाल्याचं सगळं दुखणं इथे आहे. त्याला आधार द्यायचा म्हणजे पडत्या भावाला नकार देण्याइतकं बळ त्याच्या हाती येईल अशी व्यवस्था करायची. आजचा धडा एवढाच आहे. तो बँकवाल्याला वेगळा, नगरपालिकेला वेगळा, गिऱ्हाइकाला वेगळा लागू होतो, म्हणून प्रत्येकाला उभं करून विचारणार आहे.

त्याआधी बाजाराची मोठी बेरीज पाहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ साली हिशेब मांडला. गिऱ्हाइकाने टोमॅटोला १०० रुपये मोजले तर शेतकऱ्याच्या हाती सुमारे ३३ येतात. कांद्यात ३६, बटाट्यात ३७. फळांत केळीला ३१, द्राक्षाला ३५, आंब्याला ४३. टोमॅटोचे हे ३३ रुपये नफा नाहीत. त्यातूनच रोपं, मल्चिंग पेपर, बांबू, तार, सुतळी, औषधं आणि तोडणी भागवायची आहे. आणि बाकीचे ६७ दलालाने खाल्ले असं उत्तर लिहाल तर शून्य गुण देईन. त्यात गाडीभाडं आहे, कॅरेट आहे, हमाली-तोलाई आहे, घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्याचा नफा आहे, आणि वाटेत सडलेला माल आहे. काढणीनंतर फळांतला ६ ते १५ टक्के आणि भाज्यांतला साधारण ५ ते साडेअकरा टक्के माल वाया जातो, असं २०२२ च्या देशपातळीवरच्या पाहणीत निघालं. सडलेल्या मालाची किंमत दोघं भरतात. पिकवणारा कमी भाव घेऊन आणि खाणारा जादा भाव देऊन. म्हणजे हा प्रश्न तुमच्याही ताटातला आहे.

आता आपला धाराशिव जिल्हा. बालाघाटाच्या पाठीवर बसलेला हा मुलूख. एका अंगाचं पाणी तेरणा-मांजरेतून गोदावरीला जातं, दुसऱ्या अंगाचं सीना-बोरीतून भीमेकडे. येतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये परंडा-भूमच्या शिवारात पुराने उभ्या पिकांसकट माती नेली. दोन्ही तुम्ही डोळ्यांनी पाहिलं. अशा ठिकाणी दोन एकरवाला काय करतो? पाऊस पडला की सगळं रान सोयाबीनखाली. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि शेतकरी त्याच्याही खाली विकत होता. एक पीक, एक हंगाम, एक भाव. तो पडला की वर्ष पडलं. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातले ८६ टक्के खातेदार पाच एकरांच्या आतले निघाले. म्हणजे मी अपवादाची गोष्ट सांगत नाही, घरोघरची सांगतोय.

या जुगाराला उत्तर याच जिल्ह्यातल्या बायकांनी शोधलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबादच्या गावांत प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने घरं उभी करण्याच्या कामात बायकांना पुढे आणलं. पुढे दुष्काळाच्या वर्षांत संस्थेशी जोडलेल्या बायकांनी एक एकराची शेती उभी केली. पद्धत साधी आहे. बाईने घरच्यांकडून अर्धा-एक एकर रान आपल्या कारभारासाठी मागून घ्यायचं. त्यात भाजीपाला, डाळी, ज्वारी-बाजरी अशी बरीच पिकं घ्यायची. शेणखत, गांडूळखत घरचं. पाणी ठिबकने, तुषारने. आधी घरातल्यांच्या ताटात वाढायचं आणि उरेल ते विकायचं. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने या संस्थेला इक्वेटर पुरस्कार दिला.

आता माझा धडा इथे लावून बघा. बरीच पिकं आहेत म्हणून आठवड्याला काही ना काही पैसा येतो; एक भाव पडला तरी दुसरा हात देतो. खत घरचं आहे म्हणून दुकानदाराची उधारी कमी. पोटाचं रानातच निघतं म्हणून संध्याकाळी पडेल त्या भावात विकायची सक्ती कमी. तिच्या हातात नकार देण्याचं बळ आलं ते असं आलं. जगाने याची दखल घेतली. तुमच्यापैकी कितीजण त्या बांधावर जाऊन उभे राहिले? मान खाली घालू नका, उत्तर द्या.

आता पगारदार मंडळी, उभे राहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत माणशी रोज ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं खायला सांगितलीत. चौघांच्या घराला रोज दोन किलो झाली, महिन्याला ६० किलो. एवढी गरज असताना तुमचा एकही ठरलेला भाजीवाला नसावा? दूधवाला ठरलेला, पेपरवाला ठरलेला. माळव्यासाठी मात्र दर वेळी नवा माणूस आणि नवी हुज्जत. पाच-सहा घरांनी मिळून एका शेतकऱ्याला आठवड्याची मागणी आधी सांगितली तर त्याला तोड किती करायची ते कळतं, शेळ्यांपुढे पडणाऱ्या त्या ४० जुड्या वाचतात आणि तुम्हाला सकाळी उपटलेली भाजी मिळते. पैसे त्याच दिवशी द्या. महिनाअखेरचा वायदा त्याला चालत नाही, त्याची मजूर बाई संध्याकाळी पैसे मागते.

आणखी ऐका. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरी ओलांडून गेला तेव्हा तुम्ही केवढा गहजब केलात. ऑगस्टमध्ये नेपाळहून टोमॅटो मागवला गेला. सप्टेंबरमध्ये भाव कोसळले आणि याच महाराष्ट्रात शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला, तेव्हा तुमच्यातला एकही बोलला नाही. महाग झालं की अन्याय आणि स्वस्त झालं की नशीब, हा कुठला न्याय? चढत्या भावात तुम्ही थोडी झळ सोसलीत तरच पडत्या भावात तो तग धरेल. सरकारला तुमचा आवाज ऐकू जातो, त्याचा जात नाही. म्हणून जबाबदारी तुमची जास्त आहे.

दर आषाढीला तुम्ही सावता महाराजांचं नाव घेता. त्यांचं अरण परंड्याहून काही लांब नाही, माढा तालुक्यातच आहे. तेराव्या शतकातल्या त्या माळ्याने मळ्यातल्या कामालाच भक्ती मानलं. त्या संताला हात जोडायचे आणि मळ्यातून डोक्यावर पाटी घेऊन आलेल्या माणसाच्या पाटीतली भाजी न विचारता उलथीपालथी करायची, हे मला चालणार नाही.

बँकेतले कोण आहेत? पुढे या. जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. तो तुमच्या शाखेच्या भिंतीवर मोठ्या मराठी अक्षरांत लावला आहे का? भाजीवाल्याची गरज ओळखा. त्याला पाच वर्षांचं मोठं कर्ज लागत नाही. त्याला लावणीच्या आठवड्यात रोपांचे पैसे लागतात आणि तोडणीच्या आठवड्यात मजुरीचे. तुमच्याकडे ते वेळेवर मिळाले नाहीत की तो आडत्याकडून उचल घेतो. उचल घेतली की माल त्याच्याच गाळ्यावर न्यायचा, लावील तो भाव घ्यायचा आणि विक्रीच्या पट्टीतून पैसे कापू द्यायचे. म्हणजे बी पडायच्या आधीच त्याचा नकाराचा हक्क गहाण पडतो. तुमच्या एका "पुढच्या सोमवारी या"ची ही किंमत आहे. मेथी ३०-३५ दिवसांत निघते. तुमची फाईल तेवढ्या दिवसांत टेबल बदलत नसेल तर तिला शेतीकर्ज म्हणू नका.

बाजार समितीतले आणि नगरपालिकेतले. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. शेतकऱ्याने आपला माल कुठेही विकावा, आणि समितीत विकला तर आडत घेणाऱ्याकडून घ्यावी, विकणाऱ्याकडून नाही, असं ठरलं. जिथे अजूनही शेतकऱ्याच्या पट्टीतून आडत कापली जाते तिथे ते नियमाला सोडून आहे. हे सांगणारी एक पाटी समितीच्या दारात लावायला किती खर्च येतो? आणि कुठेही विकावा म्हणालात, पण ते "कुठेही" म्हणजे कुठे? आठवडी बाजारात बायका डोक्यावर पदर ओढून उन्हात बसतात आणि माल ओल्या गोणपाटाखाली झाकतात. माल दोन तास जास्त टिकायला सावली लागते. हात धुवायला आणि भाजीवर शिंपडायला पाणी लागतं. सकाळी सातला गाव सोडून संध्याकाळी सातला परतणाऱ्या बाईला स्वच्छतागृह लागतं. पावती फाडणारा माणूस न चुकता येतो. तसाच झाडणाराही यायला हवा. यात पंचवार्षिक योजनेचं काही नाही, चार पत्रे आणि एक नळ आहे.

आपलं तेर आठवा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनात तगर म्हणून त्याचं नाव आहे. तिथला माल गाड्यांतून भडोच बंदरापर्यंत जात होता. ज्या मातीत एवढी मोठी बाजारपेठ चालली, त्या मातीत आज माळव्याला सावलीची जागा मागावी लागते, याची लाज वाटू द्या.

कृषी खात्यातले, तुम्ही योजनांची नावं पाठ करून आला असाल. ती मलाही माहीत आहेत. ठिबकला छोट्या शेतकऱ्याला ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, केंद्राच्या योजनेतून ५५ आणि राज्याच्या पूरक योजनेतून २५. पण आधी त्याने खिशातून संच बसवायचा, मग तपासणी, मग पैसे खात्यावर. ज्याच्याकडे आधी घालायला पैसे आहेत त्याला योजना मिळते आणि ज्याला खरी गरज आहे तो रांगेतच राहतो. तुम्ही नियम बदलू शकत नसाल, पण तपासणी आठ दिवसांत करू शकता, आणि कागद अपुरे असतील तर ते एकदाच, सगळे मिळून, लिहून देऊ शकता.

शून्य ऊर्जा शीतकक्ष तुम्ही कॉलेजात शिकलात. विटांच्या दोन भिंती, मधे वाळू, वाळूवर दिवसातून दोनदा पाणी, वर गवताचं किंवा वाळ्याचं झाकण. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तो छोट्या शेतकऱ्यासाठीच काढला. वीज लागत नाही. आपल्यासारख्या कोरड्या हवेच्या जिल्ह्यात तो उत्तम चालतो आणि भाजी काही दिवस जास्त टिकवतो. जो माल थांबत नाही म्हणून मी मघापासून बोलतोय, त्याला थांबवायचं हे सगळ्यात स्वस्त साधन आहे. तुमच्या सज्ज्यातल्या किती गावांत तो बांधलेला आहे? तुळजापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीच्या विद्यापीठाची माणसं आहेत. गावातल्या पाच बायकांना घेऊन तिथे एकदा जाऊन या, मग मला योजनांची नावं सांगा.

आता घरातल्या पुरुषांनी ऐकायचं. खुरपण बाईचं, तोडणी बाईची, जुड्या बाईच्या, बाजार बाईचा. सातबारा कोणाचा? नावावर रान नाही म्हणून तिला कर्ज मिळायला अडचण, अनुदानाला अडचण, पूर आला तर नुकसानभरपाईही दुसऱ्याच्या खात्यावर. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला बायकांचं अधिवेशन भरवलं आणि पुढे लक्ष्मी मुक्तीची हाक देऊन गावोगाव घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करायला लावली. त्याला किती वर्षं झाली ते मोजा. सगळं रान द्या म्हणत नाही, अर्धा एकर द्या. तिच्या कारभारात गेलेल्या अर्ध्या एकरातून घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या पोटात काय जातं ते वर्षभर पाहा. जो माणूस बायकोच्या नावावर दहा गुंठे करू शकत नाही, त्याने सरकार शेतकऱ्याला काही देत नाही अशी तक्रार माझ्यापुढे करू नये.

शेवटी पिकवणाऱ्यांनो, तुम्ही. तुमची बाजू घेऊन बोललो म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका. गेल्या साली शेजाऱ्याला टोमॅटोचे पैसे झाले म्हणून या साली अख्ख्या गावाने टोमॅटो लावायचा, आणि सगळ्यांची तोड एकाच आठवड्यात आली की नशिबाला बोल लावायचा, ही कुठली शेती? दहा गुंठे एकदम पेरण्याऐवजी आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-दोन गुंठे पेरा. माल रोज थोडा निघेल आणि भाव एका दिवसावर टांगलेला राहणार नाही. गावातल्या दहाजणांनी एकत्र बसून कोणी काय लावायचं ते ठरवा. एकट्याच्या चार कॅरेटला व्यापारी विचारत नाही. दहाजणांच्या चाळीस कॅरेटसाठी गाडी बांधावर येते. तुळजापूरच्या हॉटेलांना, वसतिगृहांना, शाळेच्या पोषण आहाराला रोज भाजी लागते. नवरात्रात तर लाखो माणसं जेवतात. तिथे जाऊन वर्षाचा सौदा करा, म्हणजे रोजच्या लिलावाच्या भरवशावर बसावं लागणार नाही.

वही ठेवता का? बहुतेकजण ठेवत नाहीत. कोणत्या वाफ्याला किती खर्च झाला आणि किती आले हे लिहिलं नसेल तर जुडी सहाला पडली की आठला, हे तुम्हाला तरी कसं कळणार? मग गिऱ्हाईक म्हणेल तो भाव खरा. ज्याच्यापाशी हिशेब नाही त्याला नकार देता येत नाही, कारण नकाराचा आकडाच त्याला माहीत नसतो.

आणि कॅरेटच्या तळाला किडका माल, वर ताजा, हे बंद करा. एकदा फसलेलं गिऱ्हाईक तुमच्या सगळ्या गावाला फसवं म्हणतं. फवारणीचंही तेच. आपल्या जिल्ह्यातून द्राक्षं युरोपला जातात. २०१० साली एका रसायनाचा अंश सापडला म्हणून युरोपात भारताची द्राक्षं अडकली आणि बागाईतदारांचं मोठं नुकसान झालं. निर्यातीच्या बागेत फवारणीचा दिवस आणि तोडणीचा दिवस यांतलं अंतर काटेकोर पाळलं जातं. मग तेच अंतर गावच्या बाजारात विकायच्या वांग्याला का नाही? युरोपातल्या माणसाचा जीव जीव आणि आपल्या वाशीच्या, लोहाऱ्याच्या पोराचा जीव नाही? औषधाच्या डब्यावर प्रतीक्षा काळ छापलेला असतो. तो वाचा आणि पाळा.

नावाची किंमतही शिका. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. लातूरच्या कास्ती कोथिंबिरीला २०२४ साली मिळालं. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपट्यांनी बांधावर निरीक्षण करून सीताफळाचा नवा वाण काढला आणि तो देशभर गेला. ही माणसं तुमच्या शेजारची आहेत. तुमच्यासारखीच माती, तुमच्याइतकाच पाऊस. त्यांनी मालाला नाव मिळवलं आणि नावाला भाव मिळवला. कोथिंबिरीच्या जुडीला भौगोलिक मानांकन मिळू शकतं, मग तुमच्या गावच्या मालाची ओळख करायला तुम्हाला कोणी अडवलंय?

आता गृहपाठ लिहून घ्या. पगारदारांनी या महिन्यात एक शेतकरी ठरवायचा आणि वर्षभर बदलायचा नाही. बँकवाल्यांनी भाजीपाल्याच्या कर्जाची एक फाईल पंधरा दिवसांत मार्गी लावायची. नगरपालिकेने येत्या उन्हाळ्याच्या आत बाजारात सावली आणि पाणी द्यायचं. कृषी सहायकाने आपल्या गावात एक शीतकक्ष स्वतः उभा राहून बांधून घ्यायचा. घरच्या कर्त्याने तलाठ्याकडे जाऊन घरच्या बाईच्या नावाची नोंद करायची. पिकवणाऱ्याने उद्या सकाळी वीस रुपयांची वही आणायची आणि पहिल्या पानावर पहिल्या वाफ्याचा खर्च लिहायचा. यातलं एकही काम कोणाच्या आवाक्याबाहेरचं नाही.

हे जे करतील त्यांनी शेतकऱ्याचं नाव जरूर घ्यावं. जे करणार नाहीत त्यांनी पुढच्या सभेत शेतकऱ्यासाठी गळा काढू नये. त्याला तुमच्या अश्रूंचा काही उपयोग नाही. त्याच्या जुडीचा खर्च ध्यानात ठेवा, त्याहून वर दोन पैसे त्याच्या हातावर ठेवा, आणि परवडत नसेल त्या दिवशी त्याला ताठ मानेने नाही म्हणता येऊ द्या.